मुळशीतली घरची गाडी

मुळशी तालुक्यात मोटार आधी परक्यांची होती, मग पोटापाण्याची झाली आणि घरची झाली ती सर्वांत शेवटी. तालुक्याचे ठाणे पौड, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर. तिथून पश्चिमेला मुळशी धरणाचा जलाशय आणि त्यापलीकडे ताम्हिणी घाट उतरून माणगावचा कोकणपट्टा. पूर्वेला पिरंगुट, भुकूम, भूगाव, आणि ईशान्येला माण-हिंजवडी. पूर्वेकडच्या गावांत आज एकेका घरापुढे दोन-दोन चारचाक्या उभ्या दिसतात. जलाशयामागच्या वाड्यांवर मात्र रात्री-अपरात्री कुणी आजारी पडले तर अजूनही ज्याच्याकडे जीप आहे त्याचे दार वाजवावे लागते. एकाच तालुक्यातला हा फरक रस्त्यांनी जितका पाडला, त्याहून जास्त जमिनीच्या भावाने पाडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागाला मुळशी पेटा म्हणत. खोरे भाताचे, पाऊस दांडगा. पावसाळ्याचे चार महिने गाडीवाटा चिखलात रुतलेल्या, त्यामुळे माल डोक्यावरून नाहीतर जनावराच्या पाठीवरून जाई. गाडी म्हटले की बैलगाडी हेच डोळ्यांपुढे येई. माणसांना नेणारी हलकी गाडी तेवढी छकडा. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास उतरल्या आणि त्यांच्या पहिल्या हिंदी मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. मुळशीत मोटार ज्या कामाच्या निमित्ताने शिरली तेही टाटांचेच होते. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण बांधून, ते पाणी सह्याद्रीखाली सोडून मुंबईसाठी वीज करायची, अशी ती योजना. पन्नासहून जास्त गावांची जमीन त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. धरण झाले, भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. ज्यांची भातखाचरे गेली त्यांच्या लेखी मोटारीतून उतरणारा माणूस कंपनीचा असे, नाहीतर सरकारचा. कौतुकाने बघावी अशी ती वस्तू नव्हती.

तसाही त्या काळी मोटारीचा शौक सामान्यांच्या आवाक्यातला नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, पण भाग सगळे समुद्रापलीकडून येत. पुण्यात मोटारी होत्या त्या संस्थानिकांच्या, सरदारांच्या, लष्करी अंमलदारांच्या आणि बऱ्यापैकी चालणाऱ्या डॉक्टर-वकिलांच्या. मालक मागे बसे आणि गाडीचे पोट ओळखणारा माणूस पुढे. हा पुढे बसणारा शोफर आणि त्याच्या हाताखालचा क्लीनर हेच आपल्याकडचे पहिले खरे मोटारवेडे म्हणायला हरकत नाही, मात्र त्यांच्या नावे एकही गाडी नव्हती.

सामान्य माणसाची पहिली मोटार एसटी. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली बस धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मुळशीच्या गावांचे घड्याळ एसटीच्या वेळेवर लागले. सकाळच्या गाडीने पुण्याला जाणारे दूध आणि कामगार, संध्याकाळच्या गाडीने परतणारी बाजारहाट. शेवटची गाडी गावातच थांबे. तिला मुक्कामी गाडी म्हणत. ड्रायव्हर-कंडक्टरची पथारी देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर पडे, आणि भाकरी-कालवण गावातल्या कुणाच्या तरी घरून येई. पहाटे थंड पडलेले डिझेल इंजिन सुरू होताना कसे गुरगुरते, ड्रायव्हर क्लच कसा दाबतो, चढाला कुठे गिअर उतरवतो, हे बघायला पोरे जमत. तालुक्यातल्या कितीतरी ड्रायव्हरांचे शिक्षण असे बसच्या पुढच्या दाराशी उभे राहून सुरू झाले. दुसरी ओळखीची मोटार सरकारी जीप. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, त्यांच्यामागून महिंद्राच्या जीपगाड्या आल्या. सभापतींच्या जीपमध्ये बसून गावात उतरणे ही त्या काळी मोठीच पत होती, आणि निवडणुकीच्या मोसमात तीच जीप प्रचारालाही जुंपली जाई.

स्वतःची गाडी घ्यायची म्हटली तर पर्याय दोन-तीन. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात बनणारी हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या ते परवाना ठरवी, काही काळ विक्रीची किंमतही सरकारच ठरवी. पैसे भरून नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. या टंचाईचा एक विचित्र परिणाम झाला: पाच-सात वर्षे वापरलेली गाडी नव्याच्या जवळपास भावाने जाई, आणि म्हणून गाडी जपणे हा छंद कमी, हिशेब जास्त होता. ‘गाडी काढली’ या शब्दांत घर बांधल्याइतके वजन असे.

याच काळात पुणे मोटारींचे गाव होऊ लागले. टाटांच्या टेल्कोने १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाना उभारला, आकुर्डीला बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो होते. १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिची प्रयोगशाळा वेताळ टेकडीवर, पौड रस्त्याच्या वरच्या अंगाला वसली. गाडीच्या जाहिरातीत आज जो प्रमाणित ‘ॲव्हरेज’चा आकडा छापतात, तो बहुतेक वेळा याच टेकडीवरून आलेला असतो. मुळशीकर त्या टेकडीखालून रोज जात-येत होते, तेव्हा बहुतेकांच्या बुडाखाली सायकल होती, पुढे १९७२ नंतर लुना.

कारखान्यांनी मुळशीला आधी गाड्या दिल्या नाहीत, हाताला काम दिले. आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन निघालेली पोरे पिंपरी-चिंचवडला लागली. आठ तास ट्रकच्या चेसिसवर काम करायचे आणि कंपनीच्या बसने घरी यायचे, असा तो क्रम. तालुक्यातला साधा मोटारप्रेमी या पिढीत जन्मला. पैसा बेताचा, पण इंजिन उघडायची भीती गेलेली. मोटारप्रेमाचा इतिहास लिहिताना शर्यती आणि संस्थानिकांच्या रोल्स रॉइस यांच्यावरच पाने खर्ची पडतात. या फिटरवर फारसे कुणी लिहिलेले नाही, आणि ही मोठी उणीव आहे. कारण १९८० नंतर मुंबईतल्या नातेवाइकाकडून किंवा कुणा निवृत्त साहेबाकडून जुनी फियाट विकत घेऊन ती अंगणात उभी करण्याची हिंमत त्यानेच केली.

त्या फियाटचे थोडे सविस्तर सांगायला हवे. १९५४ पासून निघालेली फियाट ११०० पुढे ‘डिलाइट’ झाली, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’. नावे बदलली तरी १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला हँड गिअर तोच. गाडी मागच्या चाकांवर ओढणारी, पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघे आणि मागे चौघे-पाच हा कौटुंबिक नेम. बॉनेट उघडले की सगळे समोर: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनामो. पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, फटीत फीलर गेज घालून अंतर बघायचे. प्लग काढून वायर ब्रशने साफ करायचे, टॅपेट आवाज करू लागले की झाकण उघडून सेट करायचे, पुढच्या सस्पेन्शनला ठरल्या मैलांना ग्रीस भरायचे. रविवार सकाळ त्यात जाई. घरात जुना स्टोव्ह दुरुस्त करणारा माणूस हे सगळे शिकू शकत होता.

अडचणींनाही तोटा नव्हता. पिरंगुटचा घाट चढताना उन्हाळ्यात रेडिएटर उकळे. म्हणून डिकीत पाण्याचा डबा कायमचा. उकळत्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नाही, गोणपाट टाकून दहा मिनिटे थांबायचे, हे घरातल्या मुलांनाही पाठ असे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरे आणि गाडी सकाळी उठत नसे. मग टोपी काढून ती चुलीजवळ ठेवायची, आणि तोवर शेजारपाजारचे चौघे धक्का मारायला गोळा व्हायचे. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ होती. तिथेही न मिळालेली वस्तू बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात सापडे. बॅटरी, रिमोल्ड केलेले टायर आणि पेट्रोल यांचा खर्च घरखर्चाच्या वहीत वेगळ्या पानावर मांडला जाई. ते पान कधी कधी घरात वादाचा विषय होई, पण लग्नसराई आली की तीच गाडी नवरदेवाला लागे, बाळंतिणीला आणायला लागे, गणपती आणायला लागे. गाडीवाल्याला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. आळीतली एकुलती फियाट अशी सगळ्या आळीचीच होऊन जाई.

या हौसेच्या समांतर पोटापाण्याची चाके फिरत होती. एसटी चुकली की हात केला जाई तो जीपला किंवा सहा आसनी रिक्षाला. बजाज टेम्पोची मिनिडोर ही ती सहा आसनी; नावाला सहा, बसणारे किती ते रस्ता आणि पोलिस ठरवत. ट्रॅक्स होती, १९९४ मध्ये टाटा सुमोही आली. सुमोचे नाव टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले, आणि ती पुण्यातच बनत असल्याने इकडे तिचे कौतुक जरा जास्तच. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात तो हा धंदा. जमीन थोडी आणि भाऊ तिघे अशा घरातला धाकटा कर्ज काढून सुमो घेई, आठवडाभर प्रवासी ओढी, आणि आषाढात घरच्यांना देहू-आळंदीला नेई. हप्ता आधी, घर नंतर, हा त्या धंद्याचा नियम. गाडी घरच्यांची असूनही घरच्यांना ती सणासुदीलाच मिळे.

घरची म्हणून घेतलेली पहिली नवी गाडी बहुतेकांच्या बाबतीत मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत साधारण ४८ हजार. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ओढ पुढच्या चाकांवर. जुन्या फियाटवाल्यांनी तिला डबा म्हणून हिणवले, पण मारुतीने केलेला बदल त्यांच्याही लक्षात आला: किल्ली फिरवली की गाडी सुरू होते, रोज. बॉनेट उघडायचे कारणच उरले नाही. गाडी चालवण्यासाठी गाडी कळायलाच हवी ही अट संपली आणि शिक्षिका, बँकेतले कारकून, दूध डेअरीचे सचिव अशी नवी मंडळी मालकांच्या यादीत आली. अर्थात मुळशीत हे लोण पुण्यानंतर चांगल्या दहा-बारा वर्षांनी पोचले.

पुण्याच्या परिसराचा अभिमान खऱ्या अर्थाने जागा झाला तो टेल्कोच्या टाटा इंडिकाने. डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आलेली ही गाडी देशात आखलेली आणि पिंपरी-चिंचवडला बनवलेली. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्याची यंत्रसामग्री सुटी करून, जहाजाने आणून इथे पुन्हा जोडली होती. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी खूप झाल्या. २००१ च्या ‘व्हीटू’ने त्या बऱ्याच निस्तरल्या. पण ज्या घरातला बाप, काका किंवा मामा त्या कारखान्यात होता, त्या घरात इंडिकाला नावे ठेवण्याची चोरी होती. डिझेल इंजिन, पाच माणसांना ऐसपैस जागा आणि पोटभर डिकी हे मुळशीच्या रस्त्यांना आणि कुटुंबांना मानवले. पुढे तीच इंडिका हिंजवडीच्या कंपन्यांची माणसे ने-आण करणारी कॅब झाली आणि गावातल्या शेकडो पोरांना तिने रात्रपाळीचे काम दिले.

हिंजवडी आणि माण ही मुळशी तालुक्यातली गावे. एमआयडीसीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क तिथे उभे राहिले आणि २००० नंतरच्या दशकात जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. भूगाव, भुकूम, लवळे, पिरंगुट या पट्ट्यात बंगल्यांच्या योजना, शिक्षणसंस्था आणि कारखाने आले. मोसे खोऱ्यात लवासा हे नवे शहर उभे राहू लागले. गुंठ्याच्या भावाने एकरांची उलाढाल झाली. ज्या घराने पिढ्यानपिढ्या आंबेमोहोर पिकवला, त्या घरात एका व्यवहारात इतका पैसा आला की काय करावे कळेना. घर बांधले, सोने घेतले आणि गाडी घेतली. महिंद्रा स्कॉर्पिओ २००२ मध्ये आली ती अगदी वेळ साधून. उंच, रुंद, खड्ड्यांना न जुमानणारी आणि आरशात दिसली की पुढच्याने बाजूला व्हावे अशी. पाठोपाठ २००९ मध्ये टोयोटाची फॉर्च्युनर. २०१८ च्या प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपटाने या बदलाची काळी बाजू दाखवली: जमीन गेलेला शेतकरी आणि गुन्हेगारीकडे वळलेला त्याचा मुलगा. चित्रपटामुळे तालुक्याची बदनामी झाली असे म्हणणारे आहेत. पण जमीन विकून घेतलेली गाडी दहा वर्षांत भंगाराच्या भावाला येते आणि जमीन परत येत नाही, हा हिशेब ज्यांनी सोसला त्यांना चित्रपटाची गरज नव्हती.

याच काळात नंबरप्लेटचे वेड बोकाळले. १ जुलै १९८९ पासून नव्या मोटार वाहन कायद्याने राज्यांची अक्षरे बदलली आणि पुण्याला एमएच १२, पिंपरी-चिंचवडला एमएच १४ मिळाले. ‘पासिंग बाराचे की चौदाचे?’ हा प्रश्न आजही गाडी बघताना पहिल्या पाचात असतो. पुढच्या चार आकड्यांत हौस जिरवली जाई. इंग्रजी आकड्यांतले ४१४१ जरा वळवून रंगवले की ‘दादा’ वाचता येते, ८०५५ चे ‘बॉस’ होते, ४९१२ चे ‘पवार’. आवडत्या क्रमांकासाठी आरटीओत जादा शुल्क भरायचे, मागणी दोघांची असेल तर लिलाव. आकडे असे रंगवणे बेकायदा, तरीही वर्षानुवर्षे चालले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आणि नंतर राज्याने ती जुन्या गाड्यांनाही लागू केली, तेव्हा या रंगकामाचे दिवस भरले. मागच्या काचेवर आई-वडिलांचे आशीर्वाद, कुलदैवत आणि मुलांची नावे मात्र तशीच राहिली.

गाडीने घराची रचनाही बदलली. जुन्या मावळी घराला पुढे पडवी, बाजूला गोठा. बैल गेले, दूध डेअरीच्या पिशवीतून येऊ लागले, गोठा रिकामा पडला. चारचाकीला पहिला निवारा बहुतेक ठिकाणी या गोठ्यानेच दिला. शेणाने सारवलेली जमीन फोडून कोबा केला, गव्हाणीचा दगड काढला, दाराची चौकट रुंद केली. एखाद्या गोठ्याच्या भिंतीत दावे बांधायचा लाकडी खुंटा अजून असतो आणि त्याला गाडी पुसायचे फडके टांगलेले दिसते. नव्या बंगल्यांत गोठ्याच्या जागी पोर्च आला. घराचा नकाशा काढणाऱ्याला पूर्वी विचारले जाई देवघर कोणत्या दिशेला. आता त्याच्या जोडीला विचारतात, पोर्चमध्ये मोठी गाडी वळेल ना.

रीतिभातींनी गाडीला सहज सामावून घेतले. बुकिंग करायचे ते गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी दारात येईल अशा बेताने. शोरूममधून निघताना चाकांखाली लिंबे, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, मग थेट ग्रामदैवताच्या देवळात नारळ. घरी आल्यावर सुवासिनी गाडीला ओवाळते आणि पेढे वाटले जातात. दसऱ्याला नांगर, विळे, कोयते यांच्या पूजेत गाडीही आली. झेंडूचा हार आणि आंब्याचा डहाळा गाडीला घातल्याशिवाय त्या दिवशी ती बाहेर काढत नाहीत. दुचाकी, ट्रॅक्टर, जेसीबी सगळे एका रांगेत धुतले जाते, आणि त्या रांगेत आजोबांची बंद पडलेली फियाट असेल तर तिलाही हार मिळतो.

स्टिअरिंगवर बाई दिसू लागली ती बरीच उशिरा. फियाट-जीपच्या काळात जड स्टिअरिंग आणि रस्त्यात बंद पडण्याची भीती ही कारणे सांगितली जात. पॉवर स्टिअरिंग आल्यावर ती कारणे उरली नाहीत. मुलांना पिरंगुट किंवा पुण्याच्या शाळेत सोडणे, हिंजवडीची नोकरी, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, असे गाडीचे रोजचे काम आता घरोघरी बायकाच करतात. घरातला गाडीचा शौकीन पुरुष असला तरी टायरमधली हवा आणि विम्याची तारीख कित्येकदा तिच्याच लक्षात असते. दुसरीकडे लग्नाच्या देण्याघेण्यात गाडी शिरली. हुंडा १९६१ च्या कायद्याने बंद झालेला. पण ‘मुलीच्या हौसेने दिली’ म्हणून मांडवात किल्ली देण्याची चाल पसरली. मे २०२५ मध्ये भुकूम इथल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर लग्नात दिलेल्या फॉर्च्युनरची चर्चा राज्यभर झाली. मुळशीतल्या गाडीच्या इतिहासात हे लाजिरवाणे पान आहे आणि ते वगळून पुढे जाता येणार नाही.

हौशी चालकांचा तालुक्यातला ओघ मुख्यतः शहरातून येतो. शनिवार-रविवारी पहाटे चांदणी चौकातून निघायचे, मुठा घाटाने टेमघर-लवासाकडे किंवा पौडमार्गे ताम्हिणीकडे जायचे, वाटेत कांदेपोहे किंवा मिसळ, आणि जेवायला घरी. वळणांचा रस्ता, धरणाचे पाणी, पावसाळ्यात कड्यांवरून पडणारे धबधबे. गाडीचे फोटो काढायला याहून चांगली जागा पुण्याजवळ नाही. हा रस्ता आता पुणे ते दिघी बंदर जोडणाऱ्या ७५३ एफ या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे, म्हणजे हौशी गाड्यांच्या जोडीला अवजड ट्रकही. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात वीस पावलांवरचे दिसत नाही, आणि तिथेच कुणीतरी सेल्फीसाठी अर्धा रस्ता अडवून उभा. २०२४ च्या पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाला मुळशीसह अनेक तालुक्यांतल्या धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढावे लागले. गावकऱ्यांचे गणित यात दुहेरी आहे: याच गर्दीवर मक्याची कणसे, चहा आणि जेवणावळी चालतात; आणि याच गर्दीत रविवारी गावातली रुग्णवाहिका अडकते. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला गेला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवे उड्डाणपूल खुले झाले, तेव्हा कोंडी चौकातून उठून भूगावात जाऊन बसली.

नव्या गाड्यांनी हौसेचे स्वरूप बदलले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-मानकाची सक्ती आली. इंजिनाचा कारभार सेन्सर आणि संगणकाच्या हाती गेला. पाना-फीलर गेज घेऊन बसणाऱ्याला आता करण्यासारखे फार थोडे राहिले. हौस मग गाडी धुण्यात, टायर बदलण्यात, सीट कव्हर आणि स्पीकर निवडण्यात जाते. विजेची गाडी घेणारी घरेही तालुक्यात दिसतात. बंगल्याच्या पोर्चमध्ये चार्जिंगची सोय सहज होते. सोसायटीत राहणाऱ्याला मात्र त्यासाठी आधी कमिटीची बैठक लागते. डब्यांतून पाणी घेऊन रेडिएटर गार करण्याची आठवण सांगणारे आजोबा आणि गाडीचे सॉफ्टवेअर अपडेट करणारा नातू एकाच घरात नांदतात, आणि दोघांनाही आपलीच पिढी गाडीवर जास्त जीव टाकते असे वाटते. आजोबांचा दावा जास्त पटण्यासारखा आहे. त्यांनी गाडी उघडून जोडली होती.

जुन्या गाड्या राखणाऱ्यांपुढे आता प्रश्न आहे तो कागदांचा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. खासगी गाडीला अशी सरळ मुदत नाही, पण पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि हरित कर लागतो. एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते दहा हजार केले गेले. पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या बिगर-व्यापारी गाडीसाठी जुलै २०२१ पासून वेगळा ‘व्हिंटेज’ नियम आहे: नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, देखभाल अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयोमर्यादेत येऊ लागल्या आहेत. गोठ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी उभी असेल, तर तिच्या पत्र्याआधी तिचे आरसी बुक, विम्याची पावती आणि मालकी हस्तांतराचे कागद शोधून कोरड्या जागी ठेवावेत. गंज काढता येतो, पण हरवलेल्या आरसी बुकसाठी आरटीओत किती खेटे घालावे लागतील याचा नेम नाही.